मॉलचा उदयास्त आणि नगराचा जमाखर्च

मुंबईत ताडदेव येथे १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल उघडला, तेव्हा तो नुसता पाहण्यासाठी लोटलेली गर्दी आवरता आवरेना. अखेर क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन जवळ असणाऱ्यांनाच मुक्त प्रवेश आणि इतरांना प्रवेशमूल्य, अशी अट व्यवस्थापनाने काही काळ घातली होती. पुढील पाव शतकात त्या वास्तूचे नाव बदलले, मालक बदलले आणि जिला आवर घालावा लागला होता ती गर्दीही दुसरीकडे निघून गेली. हे एकट्या ताडदेवचे भाग्य नव्हे. ‘नाइट फ्रँक’ या स्थावर मालमत्तेच्या क्षेत्रातील सल्लागार संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील आठ प्रमुख महानगरांतील ६४ खरेदी संकुलांची गणना २०२३ पुरती ‘ओसाड’ या वर्गात केली होती. ज्या संकुलातील ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी, ते ओसाड, अशी तेथे व्याख्या आहे.

मॉल ओस का पडतात, या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर दिले जाते. लोक घरबसल्या माल मागवू लागले, म्हणून दुकाने ओस पडली, असे ते उत्तर. त्यात तथ्य आहे. परंतु ते अपुरे आहे. ज्या देशातून मॉलची कल्पना आपल्याकडे आली, त्या अमेरिकेत अनेक मॉल आपले आयुष्य संपवून बसले आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांना उतरती कळा लागली ती इंटरनेटवरील व्यापाराच्या कितीतरी आधी. या दृष्टीने मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराच्या वेशीवर उभारलेल्या ‘नॉर्थलँड’ या मॉलचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. तो १९५४ साली उघडला आणि २०१५ साली बंद झाला. या एकसष्ट वर्षांच्या हिशेबाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मॉलचा नफा खासगी खात्यात जमा होतो. पण त्याच्या उदयाला लागणारे साहाय्य आणि त्याच्या अस्ताचा खर्च यांचा मोठा वाटा सार्वजनिक खात्यावर पडतो. आपल्याकडील नगरपालिकांनी आणि मध्यमवर्गीय गुंतवणूकदारांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट हीच होय.

वेशीबाहेरची पेठ

१९५० च्या शिरगणतीनुसार डेट्रॉइटची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख होती. मोटारउद्योगाची ही राजधानी त्या वेळी अमेरिकेतील पाचव्या क्रमांकाचे शहर होती. शहराच्या मध्यभागी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ‘हडसन्स’ हे डिपार्टमेंट स्टोअर होते. उंचीने ते जगातील अशा दुकानांत अग्रगण्य मानले जाई. डेट्रॉइटच्या कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांची सणासुदीची खरेदी तेथेच होई. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर गोरा मध्यमवर्ग शहर सोडून उपनगरांत राहावयास जाऊ लागला आणि ग्राहक दूर गेला, तर दुकानाने त्याच्या मागे जावे, असा निर्णय हडसन्सच्या चालकांनी घेतला. शहराची उत्तर सीमा असलेल्या ‘एट माइल रोड’च्या पलीकडे, आज साउथफील्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात त्यांनी जमीन घेतली आणि व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाकडे काम सोपविले.

ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. ज्यू आणि समाजवादी विचारांचा असल्याने १९३८ साली हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्याला देश सोडावा लागला. अमेरिकेतील मोटारींनी व्यापलेले रस्ते आणि दूरदूर पसरलेली बंगल्यांची वस्ती त्याला रुचत नव्हती. उपनगरांना व्हिएन्नातील चौकांसारखी, माणसांनी पायी हिंडावे, भेटावे, बसून बोलावे अशी जागा मिळवून द्यावी, ही त्याची आकांक्षा होती. २२ मार्च १९५४ रोजी उघडलेल्या नॉर्थलँडमध्ये तिचे प्रतिबिंब दिसत होते. मधोमध हडसन्सचे भव्य दुकान, त्याच्या सभोवार लहान दुकानांच्या रांगा, मध्ये बागा, कारंजी व शिल्पे, आणि बाहेर हजारो मोटारींचा वाहनतळ अशी त्याची रचना होती. मालाच्या गाड्या ग्राहकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी भुयारी मार्ग केला होता. त्या काळी जगातील सर्वांत मोठे खरेदी केंद्र म्हणून त्याची ख्याती झाली.

नॉर्थलँडला त्या वेळी छप्पर नव्हते. ते पाऊल ग्रुएनने दोन वर्षांनी टाकले. मिनिआपोलिसजवळच्या ईडायना येथे ८ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडलेले ‘साउथडेल’ हे पूर्णतः बंदिस्त, वातानुकूलित असे पहिले मॉल मानले जाते. आज आपण ज्याला मॉल म्हणतो त्याचा साचा तेथे ठरला. मात्र ग्रुएनच्या मूळ आराखड्यात साउथडेलच्या भोवती घरे, कचेऱ्या, शाळा, दवाखाने आणि उद्याने यांची आखणी होती. दुकाने उभी राहिली. उरलेला आराखडा योजल्याप्रमाणे उतरला नाही. जमिनीचे भाव वाढले आणि मालकांनी तिचा त्यांना लाभाचा वाटेल तसा विनियोग केला.

सरकारी हात

हे सारे केवळ खासगी उद्यमाचे कर्तृत्व होते, असे वर्णन पुष्कळदा केले जाते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ते मान्य करता येणार नाही. उपनगरांची वाढ आणि मॉलची वाढ या दोहोंमागे तीन सरकारी धोरणे उभी होती.

पहिले, गृहकर्जाचे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने घरबांधणीच्या कर्जांना हमी दिली. पण ती प्रामुख्याने नव्या उपनगरांतील घरांना आणि गोऱ्या कुटुंबांना. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेले शहरी भाग ‘धोक्याचे’ ठरवून त्यांना या हमीतून वगळण्यात येई. दुसरे, रस्त्यांचे. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य द्रुतमार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. हे मार्ग शहरांच्या पोटातून बाहेर गेले आणि त्यांच्या नाक्यानाक्यावरील जमिनीला सोन्याचे मोल आले.

तिसरे धोरण कराचे. त्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून ते जरा विस्ताराने सांगावयास हवे. समजा, चाळीस लाख डॉलरची इमारत आहे आणि ती चाळीस वर्षे टिकेल असे धरले आहे. सरळ पद्धतीने दर वर्षी एक लाख डॉलर घसारा म्हणून उत्पन्नातून वजा होईल. १९५४ च्या करसंहितेने नव्या बांधकामाला जलद घसाऱ्याची मुभा दिली. तदनुसार पहिल्याच वर्षी दोन लाख डॉलर वजा करता येत, पुढील वर्षी त्याहून थोडे कमी, आणि अशा रीतीने सुरुवातीच्या वर्षांत करमाफीचा मोठा भाग पदरात पडे. प्रत्यक्षात इमारत भाडे मिळवून देत असतानाच कागदोपत्री तोटा दाखविता येई आणि तो तोटा इतर उत्पन्नातून वळता करून कर वाचविता येई. घसाऱ्याची मलई संपली म्हणजे इमारत विकून दुसरी बांधावयाची, हा शहाणपणाचा व्यवहार ठरला. जुन्या इमारतीच्या खरेदीला एवढी सवलत नव्हती. परिणामी, जुनी पेठ सांभाळण्यापेक्षा मोकळ्या शेतात नवे मॉल उठविणे अधिक फायद्याचे झाले. बाजाराने आपण होऊन दिलेला हा कौल नव्हता. त्याच्या तराजूच्या एका पारड्यात सरकारने आधीच वजन टाकून ठेवले होते.

व्यापार वाढला की सरकला?

मॉलमुळे व्यापार वाढतो, रोजगार वाढतो, नगरपालिकेचे उत्पन्न वाढते, असे सांगितले जाते. नॉर्थलँडच्या बाबतीत ते काही काळ खरेही ठरले. पण कुटुंबाचे उत्पन्न तेवढेच असेल, तर ते एका दुकानात अधिक खर्च करते तेव्हा दुसऱ्या दुकानात कमी करते. वाढीव व्यापार आणि सरकलेला व्यापार यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे.

डेट्रॉइटमध्ये पुढे काय झाले ते पाहा. उपनगरांतील शाखांनी वुडवर्ड ॲव्हेन्यूवरील मूळ दुकानाचा ग्राहक ओढून घेतला. १९६७ च्या दंगलीनंतर शहरातून होणारे स्थलांतर अधिकच वेगावले. ज्या दुकानाने नॉर्थलँडला जन्म दिला, ते हडसन्सचे मूळ दुकान जानेवारी १९८३ मध्ये बंद झाले. पंधरा वर्षे ती प्रचंड इमारत रिकामी उभी होती. २४ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरुंग लावून ती पाडण्यात आली. डेट्रॉइटची लोकसंख्या २०१० मध्ये सुमारे सात लाख चौदा हजारांवर आली होती आणि जुलै २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. या अधोगतीस एकटा मॉल कारण झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मोटारउद्योगातील स्थित्यंतर, वर्णभेद आणि राजकीय अदूरदृष्टी यांचा त्यात मोठा भाग आहे. परंतु शहराच्या तिजोरीला पोसणारा व्यापार वेशीबाहेर नेण्याचे काम नॉर्थलँडसारख्या केंद्रांनी केले, हे नाकारता येत नाही.

आणि जे शहराच्या वाट्याला आले तेच पुढे नॉर्थलँडच्याही वाट्याला आले. १९७६ साली डिअरबॉर्न येथे ‘फेअरलेन’ आणि १९७७ साली आणखी दूर नोव्हाय येथे ‘ट्वेल्व्ह ओक्स’ हे मॉल उघडले. या दोन्ही ठिकाणी मुख्य दुकानांत हडसन्सची शाखा होतीच! ट्रॉय येथील ‘सॉमरसेट’ने पुढे धनिक ग्राहक आपल्याकडे वळविला. स्पर्धेला तोंड देण्यासाठी नॉर्थलँडने सत्तरीच्या दशकात छप्पर घातले, नवी दुकाने आणली; पण भोवतालची पेठ एकसारखी पुढे सरकत होती. १९६९ साली हडसन्स आणि साउथडेल उभारणारे डेटन घराणे यांचे व्यवसाय एकत्र झाले होते. त्या संयुक्त कंपनीची खरी भरभराट झाली ती डेटननी १९६२ साली सुरू केलेल्या ‘टार्गेट’ या स्वस्त मालाच्या दुकानांमुळे. २००० साली कंपनीने तेच नाव धारण केले आणि हडसन्स हे नाव लवकरच इतिहासजमा झाले. मॉलची जन्मदात्री असलेली कंपनी मॉलच्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, याहून अधिक बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

यात वर्णभेदाचा प्रश्न होता, तोही वगळून चालणार नाही. साउथफील्ड हे १९७० पर्यंत जवळजवळ संपूर्णपणे गोऱ्यांचे उपनगर होते. पुढे डेट्रॉइटमधील कृष्णवर्णीय मध्यमवर्ग तेथे घरे घेऊ लागला. शिक्षक, कारकून, सरकारी नोकर, कारखान्यांतील पर्यवेक्षक अशी ही कष्टाने वर आलेली कुटुंबे होती. २०१० पर्यंत नगरात त्यांचे बहुमत झाले. ही माणसे दरिद्री नव्हती. नगरात कचेऱ्यांचे मोठे केंद्रही होते. तरीही मोठ्या दुकानांनी गोऱ्या वस्तीच्या मागोमाग पुढच्या उपनगराची वाट धरली. बाजार केवळ क्रयशक्ती पाहतो, माणसाचा वर्ण पाहत नाही, हा पाठ्यपुस्तकातील सिद्धान्त प्रत्यक्ष अनुभवाशी ताडून पाहणाऱ्यास येथे पुष्कळ विचार करावा लागेल.

एका खांबावरचा तंबू

मॉल असा झपाट्याने का कोसळतो, याचे उत्तर त्याच्या अर्थरचनेत आहे. आपल्या पेठेत दहा दुकाने बंद पडली, तरी अकरावे चालू राहते. प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा, भाडे वेगळे, गिऱ्हाईक वेगळे. मॉलचे तसे नाही. तेथे गर्दी खेचण्याचे काम दोन-तीन मोठी दुकाने करतात. त्या बदल्यात त्यांना जागा नाममात्र भाड्याने मिळते किंवा ती त्यांच्या मालकीचीच असते. मॉलचे खरे उत्पन्न येते ते मधल्या लहान गाळ्यांतून. चपलांचे, घड्याळांचे, मिठाईचे दुकान चालविणारा लहान भाडेकरू चौरस फुटामागे मोठ्या दुकानाच्या कितीतरी पट भाडे भरतो, शिवाय सामाईक जागेची देखभाल, दिवाबत्ती आणि वातानुकूलन यांचा वाटाही उचलतो. अनेक करारांत विक्रीवरील टक्केवारीही द्यावी लागते.

म्हणून मोठे दुकान गेले की साखळी सुरू होते. अमेरिकेतील भाडेकरारांत पुष्कळदा अशी अट असते की मुख्य दुकान बंद पडल्यास लहान भाडेकरूंना भाडे कमी करून मागता येईल किंवा करार मोडून जाता येईल. भाडे घटले की देखभाल घटते. देखभाल घटली की ग्राहक घटतो. ग्राहक घटला की उरलेले भाडेकरू जातात. नॉर्थलँडमध्ये ‘जे. सी. पेनी’ने २००० साली जागा सोडली. २०१५ च्या प्रारंभी ‘टार्गेट’चे दुकान बंद झाले आणि मार्चमध्ये जुन्या हडसन्सच्या जागेत ‘मेसीज’ या नावाने चालणारे शेवटचे मोठे दुकानही गेले. मॉल तत्पूर्वीच न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेला होता. लहान दुकानदारांना गाशा गुंडाळावा लागला आणि काही आठवड्यांतच दरवाजे बंद झाले.

त्यानंतर पुढे कोण आले? ज्यांनी घसाऱ्याची सवलत घेतली ते नव्हेत. ज्यांनी साठ वर्षे भाडे घेतले तेही नव्हेत. साउथफील्डच्या नगरपालिकेने २०१५ साली सुमारे २४ लाख डॉलर देऊन तो मृत मॉल विकत घेतला. वेशीवरची एवढी विस्तीर्ण जागा उजाड पडली, तर भोवतालच्या घरांच्या किमती आणि नगराची पत या दोहोंना धक्का बसेल, हे तिच्या ध्यानी आले होते. मग ॲस्बेस्टॉस काढणे, इमारतींचे भाग पाडणे, नवा विकासक शोधणे हा सारा व्याप पालिकेने अंगावर घेतला. घरे, रस्ते आणि लहान दुकाने यांची मिश्र वस्ती तेथे वसवावी, असा आराखडा तिने आखला. वाचकांच्या लक्षात येईल की, ग्रुएनने सत्तर वर्षांपूर्वी मॉलभोवती जे कल्पिले होते, ते मॉल पाडल्यानंतर नव्याने योजावे लागले.

ग्रुएन स्वतः १९६८ साली व्हिएन्नाला परतला. पुढे त्याच्याच शहराच्या सीमेवर १९७६ साली एक प्रचंड खरेदी केंद्र उभे राहिलेले त्याला पाहावे लागले. आपल्या कल्पनेतील सामाजिक आशय टाकून केवळ दुकाने उचलणाऱ्या या केंद्रांचे पितृत्व आपणास मान्य नाही, असे त्याने १९७८ च्या सुमारास जाहीरपणे सांगितले. दोन वर्षांनी त्याचे निधन झाले.

दुसरी बाजू

मॉलला सरसकट खलनायक ठरविणे न्यायाचे होणार नाही. मिशिगनच्या हाडे गोठविणाऱ्या हिवाळ्यात वृद्धांना चालावयास आणि तरुणांना भेटावयास उबदार जागा त्याने दिली. आपल्याकडेही तो आल्यावर स्त्रियांना निर्धास्तपणे हिंडता येईल अशी उजेडाची जागा मिळाली, स्वच्छ स्वच्छतागृह मिळाले, ठरीव किमतीत माल पारखून घेण्याची सोय झाली. आपल्या पेठांनी आणि त्या चालविणाऱ्या पालिकांनी या साध्या गोष्टी वेळीच दिल्या असत्या, तर मॉलचे आकर्षण निम्मे झाले असते. मॉलमधील विक्रेते, सुरक्षारक्षक व सफाई कामगार यांची रोजीरोटीही त्यावर चालते.

शिवाय प्रत्येक मॉल मरतोच असे नाही. साउथडेल अद्याप उभे आहे. त्याच्या वाहनतळाच्या एका भागावर २०१४ साली सदनिका उभ्या राहिल्या आणि ‘जे. सी. पेनी’च्या जागी २०१९ मध्ये व्यायामकेंद्र आले. सुस्थित वस्ती, मोक्याची जागा आणि बदलण्याची तयारी असलेला मालक, या तिन्हींचा योग तेथे जुळला. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९७१ साली उघडलेला ‘हायलँड’ मॉल बंद पडू लागला, तेव्हा तेथील सार्वजनिक महाविद्यालयाने तो टप्प्याटप्प्याने घेतला आणि २०१४ मध्ये जुन्या ‘जे. सी. पेनी’च्या प्रशस्त दालनांत वर्ग सुरू केले. नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने २००९ साली एका मॉलचा मोठा भाग दवाखान्यांसाठी वापरात आणला. ओस पडलेल्या दुकानाचे पुढे काय करावे, याचा विचार सार्वजनिक संस्थांनी केला, तर तोटाही काही अंशी भरून निघतो, असा याचा अर्थ आहे.

इंटरनेटवरील व्यापाराचा वाटा अमेरिकेतील एकूण किरकोळ विक्रीत २०२४ साली सुमारे १६ टक्के होता. तो लहान नाही. परंतु उरलेली विक्री अन्य मार्गांनी, मुख्यतः दुकानांतूनच झाली. तेव्हा मॉलच्या मृत्यूचे सारे खापर त्या एका कारणावर फोडणे म्हणजे जलद घसारा, अतिरिक्त बांधकाम आणि पुढे पुढे पळणारी पेठ यांना निर्दोष सोडून देणे होय.

आपल्याकडील प्रश्न

महाराष्ट्रातील परिस्थिती सर्वस्वी अमेरिकेसारखी नाही. आपली उपनगरे दाट आहेत, आगगाडीने बांधलेली आहेत आणि गल्लीच्या तोंडाशी वाण्याचे दुकान व भाजीची गाडी अजून टिकून आहे. मालाडचा ‘इनॉर्बिट’ (२००४) किंवा घाटकोपरचा ‘आर सिटी’ (२००९) असे मॉल गर्दीने भरलेले दिसतात. परंतु आपल्याकडे एक निराळाच धोका आहे, आणि तो या पानाच्या वाचकवर्गाशी थेट संबंधित आहे.

अमेरिकेतील मॉलचा मालक बहुधा एकच असतो. आपल्याकडे अनेक संकुलांतील गाळे शेकडो लोकांना सुटे विकण्यात आले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली भविष्यनिर्वाह निधीची व उपदानाची रक्कम एखाद्या गाळ्यात घालावी आणि भाड्यावर म्हातारपण काढावे, असा हिशेब करणाऱ्यांत शिक्षक आणि कारकूनही असतात. विकासकाचे पैसे पहिल्याच दिवशी सुटतात. त्यानंतर मॉल चालण्यात त्याला रस उरत नाही. कोणता गाळा कोणत्या मालासाठी द्यावा, जाहिरात कोणी करावी, उद्वाहक आणि अग्निशमन यंत्रणा कोणी सांभाळावी, याचा निर्णय घेणारा एक हात उरत नाही. भांडुपच्या ‘ड्रीम्स मॉल’मध्येही गाळे अनेक छोट्या मालकांना विकलेले होते. त्याला अवकळा आली होती. त्याच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू होते. २५ मार्च २०२१ च्या रात्री त्या मॉलला आग लागली आणि रुग्णालयातील अनेक रुग्णांना प्राण गमवावे लागले. रिकाम्या मॉलचा दुसरा उपयोग करावा हे खरे. पण इमारतीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हे निश्चित झाल्यावाचून तो करणे किती घातक ठरते, हे या घटनेने दाखविले.

दुसरा प्रश्न पालिकांच्या उत्पन्नाचा. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतील जकात गेली. राज्यातील इतर महापालिकांची जकात त्यापूर्वीच गेली होती. त्यामुळे राज्याच्या अनुदानाखेरीज मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे अधिमूल्य यांवर पालिकांची भिस्त वाढली. अशा स्थितीत मोठे संकुल मंजूर करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण त्याचे उत्पन्न आज दिसते. भोवतालच्या पेठेचे नुकसान आणि वीस वर्षांनी येणारे ओसाडपण आजच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. मोठ्या खरेदी संकुलाला परवानगी देण्यापूर्वी त्याचा जवळच्या मंडईवर, किरकोळ दुकानांवर आणि रस्त्यांवर काय परिणाम होईल, याचा अहवाल पालिकेने तयार करून नागरिकांपुढे ठेवावा. गाळे सुटे विकावयाचे असतील, तर संकुलाच्या एकत्रित व्यवस्थापनाची व देखभाल निधीची तरतूद विक्रीपूर्वीच बंधनकारक असावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली व्यापारी गाळ्यांची विक्रीही येते. तथापि ताबा दिल्यानंतर मॉल चालविण्याची शाश्वती तो कायदा देत नाही, हे गुंतवणूकदारांनी लक्षात ठेवावे. बंद पडलेल्या मॉलमध्ये अभ्यासिका, वाचनालय, दवाखाना, प्रशिक्षण केंद्र यांना जागा देण्यासाठी वापरबदलाचे नियम सोपे करावेत, मात्र अग्निसुरक्षेची परीक्षा आधी, वापर नंतर. आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा कागदावर न ठेवता फेरीवाल्यांना हक्काची जागा द्यावी. कारण शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारी किरकोळ बाजारपेठ तीच आहे.

सर्वांत मोठी गोष्ट मंडईची. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट १८६९ पासून आणि पुण्याची मंडई १८८६ पासून उभी आहे. दोघींनी दोन महायुद्धे, प्लेग, टंचाई, नियंत्रणे आणि आता मॉलही पाहिला. त्या टिकल्या त्या काही केवळ दगडी बांधकामाच्या बळावर नव्हे. त्यांची मालकी सार्वजनिक आहे आणि त्यांतील शेकडो विक्रेत्यांपैकी कोणा एकाच्या जाण्याने त्या बंद पडत नाहीत. पुण्याच्या मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा खर्च करण्यास जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद या नात्याने विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा आक्षेप कोणास पटो वा न पटो, बाजार बांधावा की नाही, तो कोणाच्या पैशाने आणि काय बाजूला सारून बांधावा, हा प्रश्न त्या काळी नगरपालिकेच्या सभागृहात उघडपणे विचारला गेला, हे महत्त्वाचे आहे. आज मॉलची परवानगी फायलींतून फिरते, आणि नागरिकाला त्याचा पत्ता लागतो तो पायाभरणीच्या फलकावरून. पुणेकरांनी शतकापूर्वी जो प्रश्न विचारला, तो विचारण्याचा अधिकार आजच्या नगरवासीयांनी सोडून देऊ नये.